कल्याणच्या आनंदीबाई आणि डॉक्टर हात धुवायला शिकले तो काळ

मुरबाड-शहापूरकडच्या एखाद्या गावातली बाई सिझर होऊन घरी आली की पहिले चार दिवस सगळं घर बाळाभोवती असतं. पाचव्या-सहाव्या दिवशी तिला कणकण वाटते, टाक्यांच्या आजूबाजूला लाल होतं, लुगड्याला पाण्यासारखं काहीतरी लागतं. ती कुणाला सांगत नाही. दोन दिवसांनी ताप चढतो, जखमेतून पू येतो आणि मग गाडी करून पुन्हा कल्याण नाहीतर उल्हासनगर गाठावं लागतं. ऑपरेशन तर चांगलं झालं होतं, मग हे कुठून आलं, असं घरचे विचारत राहतात.

दीडशे वर्षांपूर्वी जगातले मोठमोठे सर्जनही हेच विचारत होते. त्याचं उत्तर हाती लागत होतं, नेमक्या त्याच वर्षांत आपल्या कल्याणची एक मुलगी डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेली. डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव ठाणे जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. शाळेत त्यांच्याविषयी वाचलेलं असतं, सिनेमाही पाहिलेला असतो. समुद्र ओलांडून त्या गेल्या, डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि वारल्या, एवढी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्या तिथं शिकत होत्या तेव्हा वैद्यकात काय घडत होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना, वडील गणपतराव जोशी. एकेकाळी जमीनजुमला असलेलं, पण पुढे उतरती कळा लागलेलं हे घर. कल्याणात रेल्वे येऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

१८६५ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी १२ ऑगस्टला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत जोसेफ लिस्टर नावाच्या सर्जनकडे अकरा वर्षांचा एक मुलगा आणला गेला. पायावरून गाडीचं चाक गेलेलं, हाड मोडलेलं आणि वर उघडी जखम. अशा पायाला त्या काळी एकच इलाज होता, तो म्हणजे पाय कापणं. नाही कापला तर जखम सडून माणूस जायचा आणि कापला तरी बरेचदा जायचाच. लिस्टरनं जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेलं कापड बांधलं. सहा आठवड्यांत हाड जुळलं, पू झाला नाही, पोरगा चालत घरी गेला.

दुसऱ्याच दिवशी, १३ ऑगस्टला, व्हिएन्नातल्या वेड्यांच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस हा डॉक्टर मरण पावला. हा तोच माणूस, ज्यानं १८४७ साली बाळंतिणींच्या वॉर्डात हात धुण्याचा नियम घातला होता. डॉक्टर आणि विद्यार्थी मुडदे फाडायच्या खोलीतून थेट बाळंतिणी तपासायला येतात आणि हातावरून काहीतरी घेऊन येतात, हे त्यानं ताडलं. त्याआधीच्या एप्रिलमध्ये त्या वॉर्डात शंभरातल्या अठरा बायका बाळंतज्वरानं दगावल्या होत्या. क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावल्यावर जूनमध्ये हा आकडा दोनवर आला. पण आपल्या हातानं रोगी मरतो, हे कुठल्या डॉक्टराला ऐकवेल? सेमेलवाइसला बाजूला सारलं गेलं, त्याचं डोकं फिरलं आणि शेवटी तो स्वतः जखमेतल्या विषबाधेनंच गेला. यमुना तेव्हा साडेचार महिन्यांची होती.

नवव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात कारकून, बिजवर, वयानं जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. लग्नाला त्यांची अट एकच होती, बायकोला शिकवू द्यायचं. नाव बदलून आनंदी झालं आणि शिकवणी सुरू झाली. गोपाळरावांचं कौतुक आपल्याकडे पुष्कळ होतं आणि त्यांच्या हट्टाशिवाय पुढचं काही घडलं नसतं, हेही खरंच. पण अभ्यास चुकला, लक्ष नसलं की ते या लहान मुलीला मारत, हातात येईल ते फेकून मारत. हे आनंदीबाईंनीच पुढे पत्रात लिहून ठेवलंय. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, त्यातली एक सोयीनं विसरू नये.

अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या आणि आनंदीबाई सोबत फिरत राहिल्या. मधल्या काळात त्यांना मुलगा झाला. त्या स्वतः तेव्हा चौदाच्या आसपास. बाळ दहा दिवस जगलं. वेळेवर उपचार मिळाले असते तर ते वाचलं असतं, ही टोचणी त्यांच्या मनात राहिली आणि डॉक्टर व्हायचं तिथून ठरलं, असं त्यांची चरित्रं सांगतात.

त्या काळची बाळंतपणं कशी होत, ते डोळ्यांसमोर आणलं तर ही टोचणी नीट कळते. अंधारी खोली, जुनी फडकी, कधी न उकळलेली कात्री नाहीतर विळा, आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाणारी सुईण. पुरुष डॉक्टराला बाई हात लावू द्यायची नाही आणि बाई डॉक्टर नव्हतीच. बाळंतीण तापानं फणफणली की बाहेरची बाधा म्हणायचं. इथं सुईणीला दोष देण्यात अर्थ नाही. व्हिएन्नाच्या नावाजलेल्या इस्पितळात शिकलेल्या डॉक्टरांच्या हातून नेमकं हेच होत होतं. उलट त्याच इस्पितळातल्या सुईणींच्या वॉर्डात बायका कमी मरत होत्या, कारण सुईणी मुडदे फाडायला जात नव्हत्या.

कोल्हापुरात पूर्वी काम केलेले रॉयल वाइल्डर नावाचे मिशनरी होते. बायकोला अमेरिकेत शिकवायचंय, मदत करा, असं गोपाळरावांनी १८८० मध्ये त्यांना लिहिलं. वाइल्डरसाहेबांनी ख्रिस्ती होण्याची गोष्ट काढली. ती जोशींना मान्य नव्हती. पण हा पत्रव्यवहार त्यांनी आपल्या मासिकात छापला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंच्या हाती तो अंक पडला. कुठे, तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना. त्यांनी पत्र धाडलं, उत्तर गेलं आणि दोघींचं मावशी-भाचीसारखं नातं जमलं. धर्म न बदलता जायची वाट अशी निघाली.

२४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या कॉलेजात (नगर जिल्ह्यातलं नव्हे, कलकत्त्याजवळचं) आनंदीबाई सभेत उभ्या राहिल्या आणि आपण का जातोय ते सांगितलं. हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टरची गरज आहे, ते शिक्षण इथं नीट मिळत नाही, आणि आपण हिंदू म्हणून जाणार, हिंदू म्हणूनच परत येणार, असं त्यांच्या बोलण्याचं सार होतं. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. नवरा सोबत नव्हता. वय अठरा.

त्या पोचल्या त्याच्या दोनच वर्षं आधी अमेरिकेत एक मोठं प्रकरण होऊन गेलं होतं. २ जुलै १८८१ ला राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. गोळी शरीरात अशा जागी बसली होती की तेवढ्यानं माणूस मरायला नको होता. पण एकामागून एक डॉक्टरांनी न धुतलेली बोटं आणि सळया जखमेत घालून ती शोधली. जखमेत पू साचला आणि अडीच महिने तडफडून १९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष गेले. देशातले पहिल्या फळीचे सर्जन उशाशी होते, त्यात फिलाडेल्फियाचे डॉ. अ‍ॅग्न्यूही होते. मारेकऱ्यानं कोर्टात आपण फक्त गोळी मारली, जीव डॉक्टरांनी घेतला, असा बचाव केला. त्याला फाशी झाली. पण त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं.

आनंदीबाई शिकायला गेल्या त्या याच फिलाडेल्फियात. पेनसिल्व्हेनियाचं स्त्रियांचं मेडिकल कॉलेज, तिथल्या प्रमुख रेचल बॉडले. लिस्टर स्वतः १८७६ मध्ये या शहरात येऊन आपली पद्धत सांगून गेला होता. ऐकणाऱ्यांतले बरेच जण न पटताच उठले. तिथले सगळ्यात मानाचे सर्जन सॅम्युअल ग्रॉस यांचा त्यावर विश्वास नव्हता. ग्रॉस ऑपरेशन करतानाचं १८७५ चं एक गाजलेलं चित्र आहे. अंगात रोजचा काळा कोट, उघडे हात, बोटांना रक्त. आता त्याच चित्रकारानं १८८९ मध्ये काढलेलं अ‍ॅग्न्यूंचं चित्र बघा, गारफिल्डच्या उशाशी होते तेच हे अ‍ॅग्न्यू. अंगात पांढरे झगे, स्वच्छ चादरी, बाजूला नर्स. हातमोजे मात्र अजून नाहीत, ते आणखी थोड्या वर्षांनी आले. या दोन चित्रांच्या मधल्या चौदा वर्षांत सर्जन लोकांची अक्कल बदलली आणि आनंदीबाईंची कॉलेजची तीन वर्षं बरोब्बर त्यात येतात.

लिस्टरचं ऐकून ज्यांना पटलं, त्यात डॉ. विल्यम कीन होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांनी जखमी सैनिकांवर ऑपरेशनं केली होती, तीही रक्ता-पुवानं माखलेल्या कोटात आणि न उकळलेल्या हत्यारांनी. आपल्याच हातून काय झालं, हे त्यांनी म्हातारपणी लिहून कबूल केलं. हे कीन १८८४ पासून स्त्रियांच्या या कॉलेजात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक होते. बाळंतपणाचा विषय डॉ. अ‍ॅना ब्रूमॉल यांच्याकडे होता, त्या व्हिएन्ना-पॅरिसला शिकून आलेल्या. म्हणजे मोठमोठ्या पुरुष सर्जनांना जे पटायला वेळ लागला, ते या कॉलेजातल्या मुली थेट नव्या विचाराच्या शिक्षकांकडून शिकत होत्या.

आनंदीबाईंनी पदवीसाठी विषयही बाळंतपणाचाच घेतला. आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र असा त्यांचा प्रबंध. आपल्या जुन्या ग्रंथांत काय आहे आणि अमेरिकेतली पुस्तकं काय सांगतात, हे दोन्ही त्यांनी धुंडाळलं. जखम झालेल्या माणसाची खोली स्वच्छ ठेवा, मोहरी आणि कडुनिंबाच्या पानांची धुरी द्या, हे सुश्रुतसंहितेत आहेच. जंतू कुणी पाहिले नव्हते, पण घाणीनं जखम बिघडते, एवढं अनुभवानं कळलेलं होतं. मधल्या काही शतकांत ते कुठं हरवलं कोण जाणे.

आजच्या डॉक्टरांना जे शिकवलं जातं, त्याचा पाया त्या वर्षांतलाच आहे. ऑपरेशननंतर तीस दिवसांत त्या जागी झालेला संसर्ग ऑपरेशनचाच धरला जातो. आत रॉड, प्लेट, सांधा बसवला असेल तर नव्वद दिवस. म्हणजे टाके काढले, काम संपलं, असं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या माहितीप्रमाणे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या साधारण ११ जणांना असा संसर्ग होतो. तिच्याच सूचना सांगतात की ऑपरेशनआधी आंघोळ घालावी, वस्तऱ्यानं केस भादरू नयेत कारण बारीक ओरखड्यांत जंतू बसतात, अँटिबायोटिकचा डोस चिरा देण्याआधीच्या दोन तासांत द्यावा आणि ऑपरेशन झाल्यावर केवळ खबरदारी म्हणून तो चालू ठेवू नये. आपल्याकडे उलटी समजूत आहे. जितकी जास्त दिवस गोळी तितकं चांगलं, असं घरचेच डॉक्टरला सांगतात. संसर्ग झालाच आणि डॉक्टरांनी कोर्स दिला, तर तो मात्र पुरता घ्यायचा, अर्ध्यावर सोडायचा नाही.

सगळं नीट करूनही काही जखमा बिघडतात. साखर असलेला, विडी-सिगारेट ओढणारा, अंगात रक्त कमी असलेला पेशंट असेल तर जास्तच. त्यामुळे टाके पिकले की लगेच डॉक्टरची चूक, असं म्हणणं बरोबर नाही. पण वाढती लाली, गरमपणा, पू, घाण वास, उघडलेला टाका, ताप, बाळंतिणीला पोटात दुखून वास येणारा स्राव, यातलं काही दिसलं तर हळद, चुना, राख असलं काही न लावता त्याच दिवशी दाखवायला जायचं. डोळखांब किंवा टोकावड्याकडून कल्याणपर्यंत यायला अर्धा दिवस जातो, म्हणून लोक उद्यावर ढकलतात. आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा शहापूर-मुरबाडचं सरकारी रुग्णालय गाठलं तरी चालतं. आणि भेटायला येणाऱ्यांनी, गावाहून जीपभर आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा, पेशंटच्या खाटेवर बसू नये. बाळाला घ्यायच्या आधी हात धुवावेत. वॉर्डात सिस्टरनं हटकलं तर राग मानू नये.

आनंदीबाईंकडे परत जाऊ. फिलाडेल्फियाची थंडी, नीट न तापणारी खोली, शाकाहारी जेवणाची आबाळ, त्यात रात्रंदिवस अभ्यास. अंगाने त्या आधीच नाजूक होत्या, त्यात खोकला आणि ताप मागे लागला. १८८५ च्या ऑक्टोबरमधला त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. मध्ये कुठल्याशा समारंभाच्या थाटात तीन विद्यार्थिनी, एक जपानची केई ओकामी, एक सिरियाची सबात इस्लामबूली आणि साडी नेसलेल्या आपल्या आनंदीबाई. चेहऱ्यावर हसू नाही, पण नजर सरळ आहे.

११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. तोवर गोपाळरावही अमेरिकेत पोचले होते आणि पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा निरोप आला. आणि कोल्हापूर संस्थानानं त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली. आज कोल्हापुरात सीपीआर म्हणतात, तेच हे रुग्णालय. त्याच वर्षी मुंबईत बायका-मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झालं. एकूण दिवस बदलत होते, बायकांना बाई डॉक्टर मिळणार, हे दिसायला लागलं होतं.

त्या वॉर्डात त्या काय करणार होत्या, याचा विचार मी बरेचदा करतो. शिकल्या होत्या त्याप्रमाणे आधी हात धुवायची भांडी मांडली असती, कार्बोलिक मागवलं असतं, बाळंतिणीच्या खोलीतली जुनी फडकी जाळली असती. कुरकुर झाली असती. ब्राह्मणाच्या बाईनं सोवळं सांगावं हे लोकांना नवीन नव्हतं, पण हे वेगळं सोवळं होतं. ते सगळ्या जातीच्या बायकांसाठी होतं आणि डॉक्टरनं स्वतःपासून सुरू करायचं होतं.

त्यातलं काही झालं नाही. १८८६ च्या अखेरीस त्या मुंबईला उतरल्या तेव्हा क्षय बळावलेला होता. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ ला बर्लिनमध्ये जाहीर केला होता, आनंदीबाई अमेरिकेला निघण्याच्या वर्षभर आधी. म्हणजे आपल्याला कशानं ग्रासलंय, ते त्यांना कळत होतं. औषध मात्र कुणाकडेच नव्हतं. क्षयावर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडलं. कोल्हापूरला जाण्याइतकीही ताकद राहिली नाही. त्यांना पुण्याला नेलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिनाभर राहिला होता. कोल्हापूरच्या त्या वॉर्डात त्यांनी एकही पेशंट तपासला नाही.

गोपाळरावांनी अस्थी अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावात कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या पुरल्या आहेत. वर दगड आहे. त्यावर त्यांचं नाव, पुढे एम.डी. ही पदवी आणि १८६५ ते १८८७ ही सालं कोरलेली आहेत.